गहाळमधला ळ

अर्जात मी लिहिलं होतं :
अप्पा बळवंत चौकात, दुपारी सव्वातीनला,
स्कूटरची डिकी उचकटून लॅपटॉप चोरीला गेला.
हवालदार खुटवडांनी पेन मागितलं. माझंच, लाल.
‘चोरीला गेला’वर आडवी रेघ ओढली,
वर लिहिलं, ‘गहाळ झाला’.
आणि टोपण लावून पेन स्वतःच्या खिशात ठेवलं.

सव्वीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांवर अशाच रेघा ओढते.
मुद्रितशोधन. पानाला अठरा रुपये,
दिवाळी अंकाची घाई असेल तर बावीस.
माझं प्रूफ कुणी तपासायची ही पहिलीच वेळ.

म्हटलं, साहेब, कुलूप तुटलंय.
गहाळ होणारी वस्तू कुलूप तोडून जात नाही.
मॅडम, म्हणाले, चोरी लिहिली की गुन्हा आला,
गुन्हा आला की तपास आला,
तपासाला माणूस लागतो, माणूस बंदोबस्ताला गेलाय.
गहाळला काहीच लागत नाही.
बाकावरच्या पोराने मान हलवली,
त्याचा मोबाईल स्वारगेटला गेला होता.
सकाळी तोही ‘चोरी’ घेऊनच आला असणार.

व्याकरण नेमकं आहे त्यांचं.
चोरी म्हटलं की कर्ता शोधावा लागतो.
गहाळ वस्तू आपली आपण होते,
दूध नासतं तशी.

त्यात पाथरवटांच्या शब्दांचा कोश होता, तिसरं प्रूफ.
भोरच्या पेठे मास्तरांनी अकरा वर्षं खाणीखाणींतून वेचलेला;
छिन्नी बोथट होते त्याला एक शब्द,
मोडते त्याला दुसरा,
दगड आतून पोकळ निघतो त्याला तिसरा.
त्यांना अजून सांगितलेलं नाही. फोन आला की म्हणते,
‘म’पर्यंत आलेय.
शिवाय एक फाईल माझी होती. तिला नाव नव्हतं.
अर्जात तिच्याबद्दल काही लिहिलं नाही.

नवव्या रात्री दिसला.
भाचीच्या फोनवर, एक जुना सोफा आणि एक सायकल
यांच्या मधे.
‘अर्जंट सेल. एकाच हाताने वापरलेला.
मराठी टायपिंग चालू. धायरी.’
फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून काढलेला फोटो,
कोपऱ्यात लहान मुलाचा पाय, त्यात पैंजण.
आणि खालच्या ओळीत, झिजलेल्या बटणावर,
लाल नेलपॉलिशने काढलेला
माझा ळ.

लिहिलं, लास्ट किती?
‘ताई, तुमच्यासाठी अकरा.’
घासाघीस केली. सवय.
साडेदहावर आला, आणि पाचशे वाचल्याचा
मला क्षणभर आनंद झाला. तोही नोंदवून ठेवते.
आत जुनं काही आहे का?
‘नाही नाही, सगळं उडवलंय. एकदम कोरा.’
पुढे जोडलेले दोन हात.

खुटवडांनी फोन लांब धरून पाहिला.
बिल आहे? हा तुमचाच कशावरून?
ळ माझा आहे, म्हटलं.
ळ?
ळ.
थोडा वेळ पंखा फिरला.
मग म्हणाले, असं करा, तुम्हीच बोलवून घ्या त्याला,
आला की आम्हाला फोन मारा.
आणि माझ्याच पेनाने नंबर लिहून दिला.

बाहेर येऊन लावून पाहिला.
खिडकीतून ऐकू येत होता,
आत टेबलावर वाजताना.
पुरता वाजला.

संध्याकाळी मास्तर. कुठवर आलं, बाई?
माझ्या तोंडून निघून गेलं, ळ सापडलाय.
ते हसले. अहो, ळपासून शब्दच सुरू होत नाही आपल्यात.

हो, म्हटलं.
संपतात.